शिळेवरची मराठी
कोकणातल्या बेने इस्राएल दफनभूमींच्या नोंदीचा आणि जतनाचा आढावा

अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीमच्या मधे नौगाव आहे. बेने इस्राएल समाजाची कथा इथल्या किनाऱ्यावर सुरू होते. परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. लाटांनी काठावर आणून टाकलेल्या आप्तांना त्यांनी दोन मोठ्या मातीच्या ढिगाऱ्यांखाली पुरले, एकात पुरुष, एकात स्त्रिया. म्हणजे या समाजाने कोकणात घर बांधण्याआधी कबर बांधली. नौगावला आज स्मारक उभे आहे आणि इस्राएलहून येणारे बेने इस्राएल पाहुणे अलिबागला आले की तिथे जाऊन नतमस्तक होतात.

नौगावचे नाव निदान सर्वांना ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यातल्या इतर गावांत मात्र याच समाजाच्या कितीतरी दफनभूमी अशा आहेत की त्यांना गावातली जुनी माणसे ‘यहुद्यांचे कबरस्तान’ म्हणून ओळखतात, नव्या पिढीला ते झुडपांचे माळरान वाटते आणि जमीन विकत घ्यायला आलेल्याला मोकळा भूखंड दिसतो. या जागांची नोंद कशी करायची, त्यांचे रक्षण कोणी आणि कोणत्या आधारावर करायचे, आजवर कुठे काय घडले, याचा हा आढावा आहे.

समाज गेला, कबरी राहिल्या

बेने इस्राएल कोकणात तेलाचा घाणा चालवत. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद असे म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांची आडनावे गावांची आहेत: किहीमचे केहिमकर, नौगावचे नौगावकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, दिव्याचे दिवेकर. घरात, बाजारात आणि प्रार्थनेबाहेरच्या सगळ्या व्यवहारात भाषा मराठी. जुनी नावेही मराठी वळणाची: शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी, मोशेचा मुसाजी. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे समाजाच्या तोंडी समाजी हसाजी दिवेकर होते.

अठराव्या शतकापासून हा समाज मुंबईकडे सरकला. कंपनीच्या पलटणींत सुभेदार, जमादार झाला, पुढे रेल्वेत, कारकुनीत, शिक्षणात, वैद्यकात गेला. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस याच समाजातले, कवी निस्सिम इझिकेल याच समाजातले, चित्रपटांतले डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकरही याच समाजातले. १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाले त्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. पुढच्या दशकांत बहुतेक जण तिकडे गेले. आज भारतात काही हजार उरले आहेत, तेही मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे भागात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा कोकणातली बहुतेक जुनी घरे कधीच बंद झालेली होती.

घर विकता येते, घाणा मोडता येतो. कबर हलवता येत नाही. यहुदी धर्मनियमानुसार पुरलेल्याला त्याच्या जागेवरून उठवायचे नसते. अगदी मोजक्या कारणांसाठी सोडले तर कबर कायमची असते. दफनभूमीला हिब्रूत ‘बेथ हाखाईम’, म्हणजे जिवंतांचे घर, असेही म्हणतात. म्हणून स्थलांतर झाले तेव्हा प्रार्थनालयांतल्या तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या बरोबर नेता आल्या, पण आजा-पणज्यांच्या कबरी मागेच ठेवाव्या लागल्या.

किती आहेत आणि कुठे

पहिली अडचण गणनेचीच आहे. शहरातल्या दफनभूमी माहीत आहेत. मुंबईत वरळीला डॉ. ई. मोझेस मार्गावर समाजाची दफनभूमी आहे. चिंचपोकळीची दफनभूमी बगदादी ज्यूंची; ती १८७८ मध्ये एलियास डेव्हिड ससून यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातून जीव वाचवून आलेले निर्वासितही तिथे विसावले. एलियास यांचे वडील डेव्हिड ससून पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या, आवारात चिरनिद्रा घेत आहेत. या जागांना कुंपण आहे, विश्वस्त आहेत, वही आहे.

कोकणात शोधाची सुरुवात सिनेगॉगपासून करावी लागते. रेवदंड्याचे बेथ एल १८४२ चे, अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन आबोथ १८४८ चे, पनवेलचे बेथ एल १८४९ चे, पेणचे बेथ हाएलोहीम १८६३ चे. याशिवाय पोयनाड, आंबेपूर, अष्टमी, म्हसळा, मुरूड, नांदगाव, बोर्ली इथेही प्रार्थनालये होती. जिथे प्रार्थनालय तिथे जवळपास दफनभूमी हवीच. पण याच्या उलट खरे नाही. प्रार्थनालये मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली आहेत आणि समाज त्याच्या कितीतरी आधीपासून खेड्यांत होता. १७३८ मध्ये सार्टोरियस या डॅनिश मिशनऱ्याने त्यांच्याविषयी लिहून ठेवले, तेव्हा मुंबईतले पहिले सिनेगॉगसुद्धा उभे नव्हते. म्हणून आडनावांचा नकाशा हाच खरा नकाशा आहे. ज्या गावावरून ‘कर’ लागले त्या प्रत्येक गावात एखादी कबर सापडण्याची शक्यता धरून चालावे लागते.

हे काम पुस्तकांनी सोपे केले आहे. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. गावे, घराणी आणि चालीरीती यांची त्यातली माहिती आजही पायाभूत आहे. शर्ली बेरी आयझेनबर्ग यांचा १९८८ चा ग्रंथ संदर्भांच्या बाबतीत तितकाच उपयोगी. ‘द इस्राएलाइट’ हे मराठी-इंग्रजी नियतकालिक १९१७ ते १९२७ दरम्यान निघत असे. अशा नियतकालिकांतल्या मृत्युवार्ता शिळेवरच्या नावाशी ताडून पाहता येतात.

बोलणाऱ्या शिळा आणि मुक्या शिळा

नोंद म्हणजे लेख वाचणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. इथे ती दगा देते. कोकणातल्या जुन्या बेने इस्राएलांजवळ ग्रंथ नव्हते. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढ्या शिदोरीवर त्यांनी आपला धर्म शतकानुशतके सांभाळला. हिब्रूचे शिक्षण पुन्हा रुजले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर, आधी कोचीच्या यहुद्यांमुळे आणि मग मिशनऱ्यांमुळे. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत आणले, ही या प्रवासातली मोठी खूण. म्हणजे लिहिलेल्या शिळा प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकापासूनच्या असणार. त्यापूर्वीच्या कबरी म्हणजे घडवलेले किंवा नुसते उचलून ठेवलेले काळे दगड. त्यांच्यावर एक अक्षर नाही. फक्त लेख मोजणाऱ्या यादीत समाजाची सगळ्यात जुनी माणसेच गळून पडतात. म्हणून दगड मुका असला तरी त्याला क्रमांक, मोजमाप आणि नकाशावर जागा मिळालीच पाहिजे.

आता एक बोलणारी शिळा जवळून पाहू. समजा, पावसाने काळवंडलेल्या एका पाषाणावर वर हिब्रू चार ओळी आहेत आणि खाली देवनागरी. समोरून उन्हात अक्षरे दिसत नाहीत. सकाळी किंवा उतरत्या उन्हात आरशाने प्रकाश बाजूने, अगदी दगडाला घासून जाईल असा पाडला की खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि ओळ उठून येते. हिब्रूत वर्ष आकड्यांत नसते, अक्षरांत असते: ताव म्हणजे ४००, रेश २००, नून ५०, खेत ८. बेरीज ६५८. हजारांचा आकडा गाळायची पद्धत आहे, म्हणून ते ५६५८, म्हणजे सप्टेंबर १८९७ ते सप्टेंबर १८९८. खाली देवनागरीत शके १८२० असेल, तर शक चैत्री पाडव्याला बदलतो हे लक्षात घेऊन मृत्यू मार्च ते सप्टेंबर १८९८ या सहा महिन्यांतला ठरतो. मुंबईत प्लेग १८९६ च्या सप्टेंबरमध्ये शिरला होता. एकाच दफनभूमीत त्या दोन-तीन वर्षांच्या शिळा दाटीने आल्या, तर त्या गावाने काय सोसले हे कुठल्याही अहवालाशिवाय कळते. एकाच दगडावर दोन कालगणना आणि दोन लिप्या आहेत आणि त्या दोन्ही त्याच्या मालकाच्या होत्या. हिब्रू तेवढी वाचून देवनागरी सोडणारा परदेशी अभ्यासक अर्धी शिळा वाचतो. हिब्रू येत नाही म्हणून मागे वळणारा मराठी अभ्यासकही अर्धीच.

शिळेवरचा हुद्दा, सासर-माहेर, गाव, मृत्यूचे कारण या सगळ्यांतून इतिहास मिळतो. भारतातल्या सर्वांत जुन्या हिब्रू शिलालेखांत गणला जाणारा लेखही कबरीवरचाच आहे: केरळात चेंदमंगलमला असलेली १२६९ ची, ‘इस्राएलची मुलगी सारा’ हिची शिळा. सातशे वर्षांपूर्वीची ती बाई त्या एका दगडामुळे आपल्याला माहीत आहे.

दगडाला काय मारते

कोकणात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवेत खार असते. शेवाळ, दगडफूल, सांध्यात रुजणारे वड-पिंपळ ही नैसर्गिक कारणे. पण माणसाच्या भक्तीनेही दगड मरतो. तारेच्या ब्रशने घासणे, आम्ल किंवा ब्लीचिंग पावडर ओतणे, अक्षरांत ऑइलपेंट भरणे, चुना फासणे, पडलेली शिळा सिमेंटमध्ये गच्च बसवणे, हे सगळे चांगल्या हेतूने होते आणि सगळेच घातक आहे. सिमेंट चुन्यापेक्षा कडक असते, पाणी अडवते आणि क्षार दगडात ढकलते. पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर अक्षरे जातात. साधे पाणी, मऊ ब्रश, चुन्याचा सांधा, मुळे उपटण्याऐवजी कापून वाळवणे, एवढ्यावर बहुतेक काम भागते.

आणखी एक चूक वारंवार होते. जागा ‘स्वच्छ’ करताना पडलेल्या शिळा उचलून भिंतीशी ओळीने लावतात. दिसायला छान दिसते, पण कोणती शिळा कोणाच्या डोक्याशी होती हे कायमचे पुसले जाते. आधी फोटो, आधी आराखडा, आधी क्रमांक, हात नंतर. उत्खननाचा तर प्रश्नच नाही, कारण धर्म त्याला मनाई करतो. जमिनीखालच्या कबरींचा अंदाज हवा असेल तर भूभेदी रडार आहे.

खरी लढाई सातबारावर

दगडापेक्षा जमिनीचा धोका मोठा आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि अलिबाग तालुका मुंबईच्या आणखी जवळ आला. गुंठ्याचे भाव वाढले की वारस समोर नसलेली जागा सगळ्यात आधी डोळ्यांत भरते. समाज परदेशात, विश्वस्त वयस्कर, कुंपण पडलेले.

म्हणून माझ्या मते नोंदीचे पहिले पान शिळेचे नसून सातबाऱ्याचे असले पाहिजे. दफनभूमी म्हणून वापरात असलेल्या जमिनीची महसुली आकारणी होत नाही. ती पोटखराबा वर्ग ‘ब’ मध्ये धरतात. त्या नोंदीत दफनभूमीचा उल्लेख आहे का, भोगवटादार म्हणून कोणाचे नाव आहे, इतर हक्कांच्या रकान्यात काय आहे, जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर जुळतो का, फेरफार कधी आणि कशाच्या आधारे झाला, हे तपासून शासकीय मोजणी करून हद्दीचे दगड रोवले की निम्मे काम झाले. जागा सार्वजनिक न्यासाची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय ती विकता येत नाही. दफनस्थळी अतिक्रमण करून भावना दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. पुरातत्त्वाच्या बाजूने केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे, पण विखुरलेल्या लहान दफनभूमींना संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळणे अवघड. बृहन्मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, खेड्यात तशी छत्री नाही. सातबारा मात्र प्रत्येक गावात आहे.

नुसता कागदही पुरत नाही, हे केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यातील माळा गावाने दाखवले. १९५५ मध्ये इस्राएलला निघालेल्या तिथल्या यहुद्यांनी सिनेगॉग आणि दफनभूमी जपण्याचा लेखी करार करून दोन्ही पंचायतीच्या हाती सोपवल्या. पुढे त्या सुमारे चार एकर दफनभूमीवर क्रीडांगण झाले आणि मोजक्याच कबरी दिसत्या राहिल्या. करार होता, पण कबरींची यादी, आराखडा आणि त्यांच्याकडे रोज पाहणारा माणूस नव्हता.

इतरांनी काय केले

या क्षेत्रात शिकण्यासारखे बरेच आहे. दक्षिण आशियातल्या युरोपीय कबरींसाठी १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘बॅक्सा’ ही संस्था स्थापन झाली. तिची रीत साधी: स्वयंसेवकाने एक दफनभूमी घ्यायची, प्रत्येक शिळेवरचा मजकूर उतरवायचा, आराखडा काढायचा आणि प्रत ब्रिटिश ग्रंथालयात जमा करायची. तिच्या नियतकालिकाचे नाव ‘चौकीदार’ आहे. काही कबरी नंतर नष्ट झाल्या, पण त्यांचा मजकूर टिकला. पूर्व युरोपात ‘ईएसजेएफ’ ही संस्था २०१५ पासून ड्रोनने दफनभूमींची हद्द आखते आणि आधी कुंपण घालते, लेख नंतर वाचते, कारण कुंपण नसेल तर वाचायला काही उरत नाही. ‘ज्यूइशजेन’ या ज्यू वंशशोधाच्या संकेतस्थळाच्या जागतिक दफन-नोंदवहीत जगभरच्या शिळा नावाने शोधता येतात. हिब्रू विद्यापीठाच्या ज्यू कला केंद्राने भारतातली सिनेगॉग नोंदवली आहेत.

या सगळ्यांत कोकणासाठी उणीव एकच दिसते: शोध इंग्रजी आणि हिब्रूत होतो. ‘हसाजी’, ‘रोहेकर’, ‘सुभेदार’, ‘शके’ हे शब्द टाकून शोध घेता आला पाहिजे. मराठी रकाना नसलेली यादी कोकणाला अर्धीच उपयोगी पडेल. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवणारा समाज ही उणीव लगेच ओळखेल. तिकडच्या आजीला नाव आठवते, इकडच्या गावाला जागा आठवते. या दोन आठवणी एका ओळीत लिहिणे हेच नोंदीचे काम आहे.

जपणारा शेवटी शेजारी

सगळा आढावा घेतल्यावर माझे मत पक्के झाले आहे. या कबरींचे रक्षण ना दूरचे वारस एकटे करू शकतात, ना एखादे खाते. त्या टिकल्या तर शेजारच्या वाडीमुळे टिकतील. कोकणात शतकानुशतके शनिवारी घाणा बंद राहिला आणि कोणी त्याबद्दल वैर धरले नाही. त्या सहवासाचा लेखी पुरावा या दगडांवर आहे आणि तो आपल्याच भाषेत आहे. ग्रामपंचायतीने मोजणीची फी भरली, शाळेने वर्षातून एक दिवस शिळा उतरवून घेतल्या, गवत कापण्याचा खर्च सिनेगॉगने किंवा परदेशी वारसांनी उचलला, तर एक दफनभूमी एका हंगामात नोंदवून होते.

तुमच्या गावाजवळ असे कबरस्तान असेल तर पावसाळ्यानंतर, गवत वाळले की एकदा जा. काही घासू नका, काही हलवू नका. फोन घेऊन प्रत्येक शिळेचा समोरून, मागून आणि बाजूच्या उजेडात फोटो काढा, गट नंबर लिहा, गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाला जागेचे जुने नाव विचारा आणि हे सगळे जवळच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांच्या हाती द्या. निघताना एक खडा उचलून कबरीवर ठेवा. यहुदी रिवाजात त्याचा अर्थ एवढाच असतो: इथे कोणीतरी येऊन गेले.